पॉवर स्टिअरिंग बसवायच्या आधी क्रँक पुलीच्या खाचा मोजा

जुन्या गाडीचं मॅन्युअल स्टिअरिंग काढून पॉवर बसवायचं नक्की झालं असेल तर एकही बोल्ट सैल करायच्या आधी बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि क्रँकच्या पुलीला, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाला बेल्ट फिरवणाऱ्या चाकाला, बेल्टच्या खाचा किती आहेत ते मोजा. एकच असेल तर तिच्यावर फॅन आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो फिरतोय, पॉवर स्टिअरिंगला तेलाचा दाब देणाऱ्या पंपाच्या बेल्टला जागाच नाही. मी मागच्या वेळी हे बघितलंच नव्हतं. स्टिअरिंग बॉक्स (व्हील फिरवलं की पुढची चाकं वळवणारा) बसवला, पंप बसवला, तेलाचे होस आवळले, तेल भरलं, शेवटी बेल्ट चढवायला गेलो तेव्हा कळलं. मग दीड महिना गाडी जागेवर, कारण पंप न चालता पॉवरचा बॉक्स फिरवणं मॅन्युअलपेक्षाही जड जातं, गल्लीतून बाहेर काढायचीसुद्धा सोय राहिली नाही.

बरं, दोन खाचांची पुली मिळाली म्हणजे सुटलो असंही नाही. एकाच इंजिनाच्या पुढच्या-मागच्या मॉडेलमध्ये वॉटर पंपाची लांबी बदलते आणि त्याबरोबर पुलीची खोलीही बदलते, त्यामुळे पंपाचा बेल्ट सरळ आणि फॅनचा तिरका असं होतं. माझा फॅन बेल्ट तसाच तिरका चालून कडेने फाटला. म्हणून सरळ धातूची पट्टी पुल्यांच्या तोंडाला लावून बघा, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. आणखी एक, बऱ्याच इंजिनांत टायमिंगची (स्पार्क कधी पडतो ते जुळवायची) खूण पुलीवरच असते, नवीन पुलीवर ती वेगळ्या जागी असू शकते, जुनी काढायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून ताडून घ्या. आणि पुली काढायला बहुतेक गाड्यांत रेडिएटर बाहेर काढावा लागतो, म्हणजे हे काम सगळ्यात आधी, सगळ्यात शेवटी नाही.

सामान जमवताना एकाच गाडीचा पूर्ण सेट घ्या. १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलला पॉवर स्टिअरिंग आलं, नंतर बऱ्याच कंपन्या ते ऑप्शन म्हणून द्यायला लागल्या, त्यामुळे तुमच्याच मॉडेलला कारखान्यातून ते मिळत होतं का हे आधी शोधा. मिळत असेल तर बॉक्स, पंप, ब्रॅकेट, ड्रॉप आर्म (बॉक्सच्या शाफ्टवर बसून चाकांचे रॉड हलवणारा दांडा), होस आणि क्रँक पुली, सगळं त्याच गाडीचं. विकणारा बॉक्स आणि पंप देतो आणि पुली इंजिनावरच राहते, तेव्हा पुली मागून घ्या, नाही म्हणाला तर पुढे बघा.

जुना ड्रॉप आर्म नवीन बॉक्सवर बसेल असं धरून चालू नका, शाफ्टची जाडी आणि दाते वेगळे असतात. काढताना पुलर वापरा, हातोड्याने ठोकलं तर धक्का थेट बॉक्सच्या आतल्या बेअरिंगला बसतो. पॉवरच्या बॉक्सच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असतो म्हणून तो पुढून लांब असतो, साहजिकच कॉलम (व्हीलपासून बॉक्सपर्यंतचा दांडा) तेवढा आखूड लागतो आणि कपलिंगही वेगळं लागतं. हे माप बॉक्स चॅसीवर अंदाजाने धरून आधी घ्या. इथे कोणी शाफ्ट कापून वेल्डिंग मारून देतो म्हणाला तर गाडी तिथून काढा, स्टिअरिंगचा शाफ्ट तुटला तर पुढे काही हातात राहत नाही.

बॉक्स उतरवला की चॅसीच्या बोल्टच्या भोकांभोवती तडे गेलेत का ते घासून, पुसून बघा. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, आयडलर आर्म यात खेळ असेल तर आत्ताच बदला, कारण पॉवर आल्यावर तो खेळ हाताला जाणवत नाही आणि सांध्यांवर जोर मात्र जास्त येतो.

प्रेशरच्या बाजूला १,००० पीएसआयच्या वर दाब जातो, तिथे पेट्रोलचा पाइप क्लॅम्प मारून लावायचा विचारही नको. होस एक्झॉस्टपासून लांब घ्या, तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल पडलं तर आग लागते. तेल पंपाला जे सांगितलंय तेच, ब्रेक ऑइल अजिबात नाही, सगळे सील फुगून जातात.

हे सगळं नको म्हणून इलेक्ट्रिक किट घेणार असाल तर पुलीचा प्रश्न मिटतो खरा, पण मोटर जागेवर चाक वळवताना ५० अँपिअरच्या आसपास ओढू शकते आणि जुना डायनामो जेमतेम २०-३० देतो, म्हणजे आधी डायनामोच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर. आणि त्या अल्टरनेटरचीही पुली तुमच्या बेल्टच्या रेषेत यायला हवी, परत तेच.

तेल भरताना पुढची चाकं वर, खाली स्टँड, इंजिन बंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत १५-२० वेळा हळूहळू फिरवा, तेल कमी होईल तसं भरत राहा, फेस थांबला की मगच स्टार्टर. टोकाला नेऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. बॉक्स जोडताना मध्यावर ठेवा, एकूण फेरे मोजून निम्मे. आयडलिंग थोडं वाढवावं लागेल. अलाइनमेंटला कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) पॉवरच्या हिशोबाने पॉझिटिव्ह, म्हणजे वरून मागे झुकलेला, मागा, मॅन्युअलचाच ठेवला तर वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नाही. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत, बेल्टचा ताण परत, नवीन बेल्ट सैल पडतो.

आणि पट्टी परत एकदा पुल्यांना लावा, इंजिन गरम असेल तर थंड होऊ द्या आणि लावा.