छातीत दाटतं, थांबलं की उतरतं: अंजायना कसा ओळखायचा

पणजीत आल्तिनोची चढण चढताना किंवा चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान उचलताना छातीत दाटून येतं. अशा वेळी गोव्यात पहिला उपाय लिंबू-सोड्याचा. ढेकर येईपर्यंत माणूस बसलेला असतो, तेवढ्यात दुखणं उतरतं आणि श्रेय सोड्याला जातं.

त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. छातीच्या मधोमध, गळ्यात, जबड्यात, खांद्यात किंवा हातात आवळल्यासारखं, जड वाटतं का? श्रमाने येतं का? विश्रांतीने किंवा जिभेखालच्या गोळीने पाचेक मिनिटांत जातं का? तिन्हींना 'हो' म्हणजे ठसठशीत अंजायना, हृदयाच्या धमन्या अरुंद होऊन रक्त कमी पडल्याचं दुखणं. दोनांना 'हो' असेल तरी तपासणी हवी. बोट ठेवून जागा दाखवता येते, दाबलं की दुखतं, ते बहुधा बरगडीचं किंवा स्नायूचं. मधुमेही, वयस्कर आणि बायकांमध्ये मात्र दुखण्याऐवजी नुसती धाप, घाम, मळमळ किंवा एकाएकी आलेला थकवा असू शकतो.

पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. धमनी ७० टक्के अरुंद झाली तरी विश्रांतीत हृदयाला बहुधा पुरेसं रक्त मिळतं, कमी पडतं ते मागणी वाढल्यावर. म्हणून ट्रेडमिल (चालत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी), स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचा स्कॅन) करतात. ट्रेडमिल बायकांमध्ये बऱ्याचदा उगाच दोष दाखवते, आणि ज्यांच्या ईसीजीत आधीच लेफ्ट बंडल ब्लॉक (हृदयातल्या विद्युत-वाटेचा अडथळा) आहे त्यांना तिचा उपयोग नाही. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, लिपिड तपासा. रक्त कमी असेल तर धमनी थोडीच अरुंद असूनही दुखतं.

जिभेखालची गोळी, म्हणजे सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती बसूनच जिभेखाली ठेवा, गिळू नका. उभ्याने घेतली की रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळू शकतो. डोकं ठणकणं हा तिचा नेहमीचा त्रास, घाबरण्यासारखा नाही. गोळ्या मूळ वेष्टनातच आणि सावलीत ठेवा. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी ही त्यांची जागा नव्हे. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टॅडालाफिल (दोन्ही लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेतली असेल तर ही गोळी अजिबात नको. शेजाऱ्याची उसनी गोळीही नको.

रोजच्या उपचारात अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन आणि हृदयाचे ठोके मंदावणारा बीटा-ब्लॉकर हे नेहमीचे. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली हवं, जमल्यास ५५ च्या. बीटा-ब्लॉकर एकदम बंद केला की दुखणं उसळून येतं, म्हणून तो हळूहळूच कमी करतात. विडी-सिगारेट मात्र आजच बंद.

स्टेंटबद्दल, म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवलेल्या जाळीच्या नळीबद्दल, स्पष्टच बोलायला हवं. दुखणं स्थिर असेल तर स्टेंटने ते कमी होतं, पण औषधांच्या तुलनेत आयुष्य वाढतंच असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. डाव्या मुख्य धमनीत अडथळा असेल किंवा हृदयाची ताकद कमी झाली असेल तर गोष्ट वेगळी. स्टेंट बसला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण ६ ते १२ महिने चालतात. दात काढायचा म्हणून त्या आपल्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्येच रक्ताची गाठ होऊ शकते.

दुखणं स्वस्थ बसलेलं असतानाही आलं, आधीपेक्षा थोड्या श्रमात येऊ लागलं किंवा गोळी घेऊन ५ मिनिटांत उतरलं नाही, तर ते हृदयविकाराच्या झटक्याच्या वाटेवर आहे असं धरा आणि १०८ लावा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा पोटात रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खा. इकोस्प्रिन ७५ असेल तर चार गोळ्या. गाडी स्वतः चालवू नका. पेडणे किंवा काणकोणहून थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठायचा हट्टही नको. जवळच्या सरकारी इस्पितळात ईसीजी निघतो, तो तिथल्या हृदयतज्ज्ञांकडे पाठवता येतो आणि गरज असेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या इस्पितळातच देता येतं. पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे, नसेल तर मागा. दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून न्या, कारण इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्या वेळेवर ठरतं. चालू गोळ्यांचं पाकीटही बरोबर घ्या.