गोल्फ क्लब निवडताना या चुका टाळा: जाहिरातीतले अंतर आणि हातातला क्लब

नव्या सेटमधील सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या, मधल्या अंतरासाठीच्या क्लबने) चेंडू जुन्यापेक्षा दहा-पंधरा यार्ड पुढे जातो, हा खरेदीच्या वेळी हमखास ऐकू येणारा दावा बहुतेक वेळा खरा असतो. त्यामागचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. क्लबच्या डोक्यावर कोरलेल्या आकड्याला (लहान आकडा म्हणजे लांब पल्ल्याचा क्लब) कोणत्याही नियमाचे बंधन नाही. काही दशकांपूर्वी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग मागे झुकलेला कोन, ३५ अंशांच्या आसपास असे. आज हौशी खेळाडूंसाठी बनवलेल्या अनेक सेटमध्ये तो २८ ते ३० अंशांवर आला आहे आणि शाफ्टही, म्हणजे क्लबचा दांडाही, थोडा लांबला आहे. म्हणजे ज्या दोन क्लबांची तुलना केली जाते, त्यांपैकी नवा क्लब जुन्या हिशेबाने जवळपास पाच नंबरचाच असतो.

यात सरसकट फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. आधुनिक आयर्नमध्ये डोक्याचे वजन खाली आणि मागे नेलेले असल्यामुळे चेंडू अधिक उंच उडतो, आणि ती उंची आटोक्यात ठेवण्यासाठी लॉफ्ट कमी करण्याला तांत्रिक आधार आहे. चूक होते ती केवळ अंतर पाहून निर्णय घेण्यात. आयर्नच्या फटक्यात चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, किती तिरक्या किंवा सरळ कोनात उतरतो आणि त्याला किती बॅकस्पिन (उलटी फिरकी) मिळते, यावर तो थांबणार की घरंगळत पलीकडे जाणार हे ठरते. ज्या क्लबने बारा यार्ड जास्त मिळाले, पण चेंडू ग्रीनवर उतरून मागच्या बंकरकडे (वाळूच्या खड्ड्याकडे) धावू लागला, त्या क्लबने खेळाडूचे नुकसानच केलेले असते. म्हणून चाचणीच्या वेळी हवेतील अंतराबरोबर उतरण्याचा कोनही पाहावा. आयर्नसाठी तो ४५ अंशांच्या जवळपास असेल तर ग्रीन चेंडूला धरून ठेवते.

या प्रकाराचा दुसरा परिणाम सेटच्या दोन्ही टोकांना दिसतो. सात नंबरचा लॉफ्ट घसरला की पिचिंग वेजचाही (वेज म्हणजे जवळच्या अंतरासाठीचा, जास्त लॉफ्टचा क्लब) घसरतो; तो ४३ किंवा ४४ अंशांवर येतो, आणि खेळाडूच्या बॅगेत त्यानंतरचा क्लब ५६ अंशांचा सँड वेज असतो. मध्ये बारा अंशांची दरी राहते, म्हणजे ग्रीनपासून शंभर यार्डांच्या आसपासच्या, सर्वाधिक फटके वाचवणाऱ्या टप्प्यात पूर्ण स्विंगचा एकही क्लब उरत नाही. वरच्या टोकाला चार नंबरचा आयर्न १९-२० अंशांचा होतो आणि मध्यम गतीच्या स्विंगने तो चेंडू पुरेसा उचलतच नाही; चार आणि पाच नंबरचे फटके जवळपास एकाच ठिकाणी पडू लागतात. ‘माझे लांब आयर्न बिघडले आहेत’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या स्विंगमध्ये अनेकदा काहीच बिघडलेले नसते.

उपाय साधा आहे. नियमांनुसार बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत, तेव्हा चौदाच्या चौदा क्लबांचे लॉफ्ट एका कागदावर उतरत्या क्रमाने लिहावेत आणि त्यांच्यापुढे प्रत्येकाचे नेहमीचे हवेतील अंतर लिहावे, आयुष्यातले सर्वोत्तम नव्हे. आयर्न आणि वेजमध्ये चार-पाच अंशांचे आणि दहा-पंधरा यार्डांचे अंतर असावे. जिथे दरी दिसेल तिथे क्लब घालावा, जिथे दोन क्लब एकच काम करतात तिथून एक काढावा, आणि लांब आयर्नच्या जागी हायब्रिड किंवा सात नंबरचा वुड (चेंडू सहज उचलणारे, जाड डोक्याचे क्लब) घेण्यात कमीपणा मानू नये. कित्येकांना हा कागद लिहिल्यावरच कळते की त्यांना नवा सेट नव्हे, तर एकच वेज हवा होता.

ड्रायव्हरबाबतचे गैरसमज

ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबच्या, बाबतीत दरवर्षी ‘अधिक वेगवान फेस’ची (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाची) घोषणा होते. वस्तुस्थिती अशी की गोल्फचे नियमन करणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्थांनी फेसच्या उसळीवर, म्हणजे तो चेंडूला किती जोराने परत फेकतो यावर, कमाल मर्यादा घातलेली आहे आणि डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपर्यंत सीमित केले आहे. प्रमुख उत्पादकांचे ड्रायव्हर फेसच्या मध्यभागी या मर्यादेपाशी कधीच पोहोचले आहेत. खरी सुधारणा झाली आहे ती फटका मध्यापासून हुकल्यावर वेग आणि दिशा किती टिकते यात, आणि ती मोलाची आहे. दहा-बारा वर्षे जुना ड्रायव्हर बदलल्यास तिचा लाभ जाणवू शकतो. गेल्या वर्षीचा बदलून मात्र हाती फारसे काही लागत नाही.

याच संदर्भात ‘दहा हजार’ हा आकडा अलीकडे ठळकपणे छापला जातो. फटका कडेला लागला असता डोके वळण्यास जो विरोध करते, त्याचे हे माप आहे. नियमांनी डाव्या-उजव्या वळण्यापुरती ५,९०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे. दहा हजार हा आकडा त्यात वर-खाली वळण्याचे माप मिळवून तयार होतो. असा क्लब क्षमाशील असतो, म्हणजे हुकलेला फटकाही सांभाळून घेतो, हे खरे. परंतु त्यासाठी वजन बरेच मागे न्यावे लागते, त्यामुळे काही खेळाडूंच्या फटक्यात स्पिन वाढते. आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या फटक्याबद्दल काहीच सांगत नाही.

लांबीची चूक याहून महागात पडते. लांब शाफ्टमुळे डोक्याचा वेग वाढतो, म्हणून दुकानात तयार मिळणारे अनेक ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंच किंवा त्याहून लांब असतात. जानेवारी २०२२ पासून स्पर्धांच्या आयोजकांना ४६ इंचांची मर्यादा लागू करण्याची मुभा देणारा स्थानिक नियमही उपलब्ध आहे. व्यावसायिक खेळाडूंपैकी अनेक जण ४५ इंचांच्या आसपासच थांबतात. ज्यांचा स्विंग रोजच्या सरावाने घोटलेला आहे तेही लांबीच्या मोहात पडत नाहीत, याची दखल हौशी खेळाडूने घ्यायला हवी. वाढलेल्या वेगाचा फायदा फेसच्या मध्यावर चेंडू लागला तरच मिळतो. हे तपासण्यासाठी पायांवर फवारण्याची साधी पावडर फेसवर मारून दहा चेंडू खेळावेत. खुणा बाहेरच्या टोकाकडे आणि आतल्या टाचेकडे (शाफ्टजवळच्या भागाकडे) विखुरलेल्या असतील, तर क्लब एक इंच खाली धरून आणखी दहा चेंडू मारावेत. खुणा एकवटल्या, तर दोष फेसच्या तंत्रज्ञानात नव्हता.

लॉफ्टचाही अभिमान सोडावा लागतो. नऊ अंशांचा ड्रायव्हर जोरदार खेळाडूचा आणि बारा अंशांचा नवशिक्याचा, ही समजूत फार जुनी आहे आणि तितकीच हानिकारक आहे. स्विंगचा वेग कमी असेल तर चेंडू हवेत टिकण्यासाठी उंच निघावा लागतो, आणि कमी लॉफ्टने तो लवकर खाली येतो. फिरवता येणाऱ्या हॉझेलचा (डोके आणि शाफ्ट यांच्या जोडाचा) उपयोग करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बहुतेक रचनांमध्ये लॉफ्ट वाढवला की, क्लब जमिनीवर नेहमीसारखा टेकवल्यास, फेस थोडा बंद होतो. उजव्या हाताच्या खेळाडूचे फटके अशा बदलानंतर डावीकडे जाऊ लागले, तर स्विंगला दोष देण्यापूर्वी पाना घेऊन मूळ जागी परतावे.

शाफ्टवरचे अक्षर

शाफ्टवर छापलेल्या ‘आर’ (रेग्युलर), ‘एस’ (स्टिफ) किंवा ‘एक्स’ (एक्स्ट्रा स्टिफ) या कडकपणा दाखवणाऱ्या अक्षरांना संपूर्ण उद्योगात मान्य असे कोणतेही मोजमाप नाही. एका उत्पादकाचा ‘स्टिफ’ दुसऱ्याच्या ‘रेग्युलर’पेक्षा मऊ असू शकतो. तरीही खेळाडू अक्षरावरून शाफ्ट निवडतात, कारण ‘एस’ म्हणण्यात एक प्रतिष्ठा वाटते. माझ्या मते आधी वजन ठरवावे. ड्रायव्हरचे ग्रॅफाइट शाफ्ट साधारण ४० ते ७० ग्रॅमच्या दरम्यान आणि आयर्नचे पोलादी शाफ्ट ९० ते १३० ग्रॅमच्या दरम्यान मिळतात. फार हलक्या शाफ्टने लय घाईची होते आणि फार जड शाफ्टने शेवटच्या चार-पाच होलांवर हात थकतात. हा फरक हातांना लगेच जाणवतो. वजन जुळल्यावर कडकपणा आणि वाकण्याचा बिंदू यांची तुलना अक्षराकडे न पाहता प्रत्यक्ष फटक्यांच्या विखुरण्यावरून करावी.

लाय कोन: सर्वाधिक दुर्लक्षित माप

जाहिरातीत ज्याचा उल्लेख क्वचितच असतो ते हे माप. शाफ्ट आणि जमीन यांच्यातील कोन म्हणजे लाय. फटक्याच्या क्षणी क्लबचे बाहेरचे टोक, म्हणजे टो, वर उचललेले असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फेस डावीकडे रोखलेला राहतो. टो खाली गेलेले असेल तर उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम मोठा, म्हणून वेज आणि छोट्या आयर्नमध्ये तो सर्वाधिक नडतो, ड्रायव्हरमध्ये सर्वांत कमी. सरळ मारलेला वेजचा फटका दर वेळी डावीकडेच पडत असेल, तर खेळाडू नकळत त्याला जुळवून घेणारा स्विंग करू लागतो, आणि तो जडलेला स्विंग मोडायला पुढे वर्षे लागतात.

चाचणी घरच्या मार्करने होते. चेंडूवर जाड उभी रेघ काढावी, रेघ फेसकडे ठेवून चेंडू मारावा, आणि फेसवर उमटलेला शाईचा ठसा पाहावा. ठसा फेसवरील खाचांना काटकोनात असेल तर लाय योग्य आहे. ठशाचे वरचे टोक ‘टो’च्या बाजूला झुकले असेल तर क्लब तुमच्यासाठी फार उभा आहे, टाचेकडे झुकले असेल तर फार सपाट. पाच-सहा फटक्यांत एकच कल दिसला तरच निष्कर्ष काढावा. केवळ उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून दिलेला लाय ही सुरुवात असते, कारण स्विंगमध्ये हात वर येतात आणि शाफ्ट खाली झुकतो. एक सावधगिरीही हवी: चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यतः फेसच्या दिशेवर ठरते, तेव्हा डावीकडे जाणारा प्रत्येक फटका लायमुळे नसतो. ठसा सरळ असूनही चेंडू वाकडा जात असेल, तर क्लब वाकवून लाय बदलू नये, शिक्षकाकडे जावे.

लहान वाटणाऱ्या गोष्टी

ग्रिप, म्हणजे मुठीचे आवरण, गुळगुळीत झाली की क्लब निसटू नये म्हणून पकड घट्ट होते, आणि सांध्यांतील सैलपणा गेला की वेगही जातो. महागडा ड्रायव्हर घेण्यापूर्वी जुन्या सेटच्या ग्रिप बदलून एक महिना खेळून पाहावे. जाडीसाठी वरच्या हातातील मधल्या दोन बोटांची टोके अंगठ्याखालच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत, हा अंदाज पुरेसा आहे.

वेज निवडताना लॉफ्टइतकेच बाउन्सकडे, म्हणजे तळ जमिनीला किती अंशांनी टेकतो याकडे, पाहावे. मऊ माती, भुसभुशीत वाळू आणि खोल खणणारा स्विंग यांना दहा किंवा अधिक अंश बरे. कठीण जमीन आणि जमिनीवरून घसरत जाणारा स्विंग यांना चार ते सहा. पटरमध्ये, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलण्याच्या क्लबमध्ये, लांबी सर्वप्रथम ठरवावी. फटक्यासाठी उभे राहिल्यावर डोळे चेंडूच्या रेषेवर किंवा किंचित आत यावेत, मग आकार आणि रंग.

फिटिंगच्या दिवशी होणाऱ्या चुका

फिटिंगच्या, म्हणजे खेळाडूला क्लब जुळवून पाहण्याच्या, वेळी फटके मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर एक लखलखीत फटका दिसतो आणि निर्णय होऊन जातो. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. वाईट फटके यादीतून पुसून उरलेल्यांची सरासरी काढणे म्हणजे जो खेळाडू तुम्ही नाही त्याच्यासाठी क्लब विकत घेणे होय. प्रत्येक क्लबचे किमान दहा फटके घ्यावेत, सर्व ठेवावेत, आणि सरासरी अंतराबरोबर सर्वांत डावा व सर्वांत उजवा फटका यांच्यातील रुंदी मोजावी. आपला जुना क्लब सोबत न्यावा आणि त्याच दिवशी, त्याच चेंडूंनी त्याचीही नोंद घ्यावी. सरावासाठीचे चेंडू बहुधा कमी दूर जातात, म्हणून घरच्या आठवणीशी तुलना व्यर्थ ठरते. कृत्रिम चटईवर क्लब चेंडूच्या मागे आदळला तरी उसळून चेंडूला लागतो आणि फटका बरा दिसतो, तेव्हा आयर्न शक्य तेथे गवतावर तपासावेत. थकल्यावर ठरवू नये, आणि दोन क्लबांत सहा यार्डांचा फरक दिसला तर आधी दोघांचे लॉफ्ट आणि लांबी विचारावी.

क्लब हाती आल्यावर लांबी, लॉफ्ट आणि लाय पुन्हा मोजून घ्यावेत, कारण उत्पादनात अंशाचा फरक राहू शकतो. मऊ कार्बन पोलादाचे घडीव डोके वापराने हळूहळू वाकते, म्हणून वर्षातून एकदा ही मोजणी करावी. आणि लॉफ्ट एक अंशाने कमी केला की बाउन्सही एक अंशाने कमी होतो, हे वेज वाकवायला देण्यापूर्वी कारागिराला स्वतःहून विचारावे.