रॉथमध्ये आधी कोणाचं खातं वळवावं?

अमेरिकेत एकत्र रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोला रॉथ कन्व्हर्जनवर (ट्रॅडिशनल आयआरए या निवृत्ती खात्यातले पैसे कर भरून रॉथ या करमुक्त निवृत्ती खात्यात वळवणं) कर सहसा सारखाच पडतो, खातं कोणाचंही असो. मग सुरुवात कुठून?

१. दोघांचे फॉर्म ८६०६ (आयआरएमध्ये करवजावट न घेता टाकलेल्या पैशांची नोंद असलेला कर-फॉर्म) काढा. ज्यांच्या ट्रॅडिशनल आयआरएमध्ये करवजावट न घेतलेल्या पैशांचं प्रमाण जास्त, त्यांचं आधी. अशा पैशांवर वळवताना पुन्हा कर लागत नाही आणि हे प्रमाण दोघांचं वेगवेगळं मोजतात, म्हणून इथे कर खरोखर वाचतो.

२. असे पैसे नसतील तर जे वयाने मोठे त्यांचं. सक्तीने काढायची वार्षिक रक्कम ७३ व्या वर्षी सुरू होते (जन्म १९६० किंवा नंतरचा असेल तर ७५ व्या), आणि ती रॉथमध्ये टाकता येत नाही.

कर बाहेरच्या बचतीतून भरा. एकदा वळवलेलं परत फिरवता येत नाही, म्हणून वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज आल्यावरच आकडा ठरवा. त्या वर्षाच्या कन्व्हर्जनची ३१ डिसेंबरची मुदत मात्र चुकवू नका.