मोठ्या खाऱ्या टँकमध्ये रॅस कोणते घ्यायचे अन् कोण आधी टाकायचा

आधी नावाचा घोळ मिटवू. दुकानात कुणी व्रास म्हणतं कुणी रासे म्हणतं, खरा उच्चार रॅस, पण व्रास म्हणलं तरी मासा तोच मिळतो. घोळ पुढं आहे. रॅस म्हणजे एक मासा नाही, समुद्री माशांचं अख्खं कुळ आहे, पाचशेच्या वर जाती आहेत, त्यात बोटाएवढे पण आहेत अन् मीटरभर वाढणारे पण, अन् दुकानात सगळे दोन-अडीच इंचाचे, सगळे रंगीत, सगळे गरीब तोंड करून फिरत असतात. तिथंच माणूस फसतो. मी पण फसलो.

माझा टँक सहा बाय दोन बाय दोन फुटांचा, परभणीत तळमजल्यावर. हिशेब केला तर 680 लिटर पाणी होतं, म्हणजे नुसत्या खाऱ्या पाण्याचंच 700 किलोच्या आसपास वजन, वरून काच, दगड, वाळू, म्हणून वरच्या मजल्यावर जुन्या स्लॅबवर ठेवायचा विचार करत असाल तर आधी इंजिनिअरला दाखवा. एवढा टँक भरल्यावर वाटलं आता काय, जागाच जागा. पहिला रॅस आणला सिक्स लाईन. जांभळ्या अंगावर सहा केशरी पट्टे, जेमतेम 7-8 सेंटीमीटर, स्वस्त, खायला लागलीच तयार. दोन महिने एकटा मजेत होता. मग मी फ्लॅशर रॅसचा एक नर आणला, त्यानं पंख पसरले की असं वाटतं कुणी पेटती काडी धरलीय. सिक्स लाईननं त्याला पहिल्याच दिवशी कोपऱ्यात दाबला. चावत नव्हता बरं का, नुसता समोर जाऊन आडवा उभा राहायचा, फ्लॅशर वरच्या कोपऱ्यात हिटरच्या मागं थरथरत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली, सगळं एकदम काळंकुट्ट, अन् सकाळी आईला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ सापडला, वाळून बोंबलासारखा झालेला. आई म्हणली, "अरे ह्यो एवढ्या लांब कसा आला?" पाईप जिथून आत जातो तिथं झाकणाला दोन बोटांची फट होती, तेवढी त्याला पुरली.

तेव्हापासून मी रॅसला तीन गोष्टी विचारून घेतो, म्हणजे स्वतःलाच विचारतो: मोठा होऊन किती होणार, झोपतो कुठं, अन् स्वभाव कसा. रंग शेवटी.

झोपायचं आधी सांगतो कारण ते कुणी विचारतच नाही. काही रॅस रात्री वाळूत घुसून झोपतात, हॅलिकोएरिस गटातले म्हणजे यलो कोरिस अन् मेलानुरस, सगळे लेपर्ड रॅस, अन् खरे कोरिस. यांना बारीक वाळू दोन इंच तरी पाहिजेच, उघड्या काचेवर हे मासे जगवायचा हट्ट करू नका. फेअरी, फ्लॅशर, सिक्स लाईन, पॉसम हे रॅस दगडाच्या कपारीत झोपतात अन् त्यातले बरेचसे अंगाभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून घेतात, सकाळी ती पिशवी तरंगताना दिसली तर घाबरू नका. वाळू म्हणजे अ‍ॅरागोनाईटची (शिंपल्या-प्रवाळासारख्या चुन्याची), साखरेसारखी बारीक, जाड चुरा नको, त्यानं अंग खरचटतं. आमच्या एका पाव्हण्यानं गोदावरीची वाळू आणून देतो म्हणलं होतं, दोन पोते, फुकट. नको म्हणलं. टोकदार, कशाकशानं घाण झालेली, वरून खाऱ्या टँकला तिचा काही उपयोग नाही.

आता स्वभाव. मी माझ्या मनात सरळ तीन ओळी पाडल्यात.

सगळ्यात गरीब म्हणजे पॉसम, गुलाबी पट्ट्याचा पिंक स्ट्रीक्ड, फ्लॅशर अन् लेपर्ड. हे आधी टाकायचे, फक्त लेपर्डला टँक जुना लागतो, ते खाली सांगतो. पॉसम इतका लाजाळू आहे की मोठ्या टँकमध्ये आठवडा आठवडा दिसत नाही, पण दगडाच्या मागून डोळा फिरवत बसलेला सापडला की बरं वाटतं. मधल्या ओळीत फेअरी अन् हॅलिकोएरिस. फेअरीमध्ये पण सगळे सारखे नसतात, लुबॉक गरीब, स्कॉट्स म्हणजे पैलवान, त्याला शेवटी आणायचं. तिसऱ्या ओळीत सिक्स लाईन अन् त्याचे भाऊबंद, हे एकतर आणूच नका किंवा सगळ्यात शेवटी आणा. तरीही खात्री नाही, उगं खोटं कशाला बोलू.

एका घराण्यातले अन् एकासारखे दिसणारे दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत हा सगळ्यात कामाचा नियम. म्हणजे फेअरीचे तीन नर ठेवायचे असतील तर तीन वेगळ्या जातीचे, अन् रंग पण वेगळे, एक लाल, एक निळसर, एक पिवळा असं. दोघं लाल असले की एकमेकाला भाऊ नाही, भाऊबंदकी समजतात, बांधावरून निघतात तशी भांडणं निघतात. उलट फेअरी, हॅलिकोएरिस अन् लेपर्ड असे तीन गट एकत्र बरेचदा सुखानं राहतात, कारण एक वरच्या पाण्यात तरंगतं खाणं खातो, दुसरा दगडावर किडे शोधतो, तिसरा वाळूच्या वर बारीक जीव टिपत फिरतो. वाटा वेगळा तर वाद कमी.

मादीचं पण सांगतो. यांच्यात बहुतेक जाती मादीच्या रूपात मोठ्या होतात, अन् मग त्यातली दांडगी असते ती नर बनते. म्हणून नर शोधत बसण्यापेक्षा एकाच जातीच्या दोन-तीन लहान माद्या एकत्र आणल्या तर त्यातली एक हळूहळू रंग बदलते, महिनोनमहिने चालतं ते, बघायला लय मजा. फक्त एक, दोन नर आणून लहानपणीच वाढवू मग सवय होईल असला विचार करू नका. अन् दुकानात पेटीवर फेअरी फिमेल लिहिलेलं असतं त्याच्यावर जास्त विसंबू नका, माद्या एकमेकींसारख्याच दिसतात. मालदीवचा एक गुलाबी फेअरी रॅस कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांनीच दुसऱ्या जातीत धरला होता, 2022 ला कुठं त्याला स्वतःचं नाव मिळालं, फिनिफेनमा, तिकडच्या धिवेही भाषेत गुलाब. शास्त्रज्ञांचं असं, तर दुकानदाराचं काय घेऊन बसलात.

जे घेऊच नयेत ते पण सांगून टाकतो. क्लीनर रॅस, निळ्या पट्ट्याचा, दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे खातो म्हणून डॉक्टर डॉक्टर म्हणून विकतात. टँकमध्ये एवढे किडे आणायचे कुठून, बहुतेक उपाशी मरतात. लाल कोरिस, लहानपणी लाल अंगावर पांढरे ठिपके, इतका देखणा की हात आपोआप पाकिटाकडं जातो, पण तो 40 सेंटीमीटरपर्यंत वाढतो अन् खाली काय आहे बघायला दगड उलटे करतो. त्याचाच नातेवाईक क्लाऊन कोरिस तर मीटरच्या वर जातो, सहा फुटाच्या टँकमध्ये तो म्हणजे रिक्षात बैल. मून रॅस 25 सेंटीमीटर सहज होतो, झिंगे अन् लहान मासे संपवतो. बर्ड रॅसचं तोंड चोचीसारखं लांब, तो पण झिंग्याचा काळ. यांचा टँक वेगळा करा, ट्रिगरफिश वगैरे दांडग्यांसोबत, तिथं शोभतात.

लेपर्डवर थोडं थांबतो. हा मासा सुंदर आहे अन् सगळ्यात जास्त मरतो पण हाच. नवीन टँकमध्ये टाकू नका, टँक वर्षभर तरी जुना झालेला, दगडावर वाळूत बारीक जीव झालेले पाहिजेत. माझा पहिला लेपर्ड टाकल्या टाकल्या वाळूत घुसला अन् दिसायलाच तयार नाही. दुसरा दिवस, तिसरा दिवस. भाचा म्हणला, "मामा मेला असंल, काढू का?" मी त्याला हात लावू दिला नाही, वाळू उकरली की तो जास्त घाबरतो. पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला पाणी प्यायला उठलो तर टँकच्या अंधारात एक ठिपक्यांचं डोकं वाळूतून वर आलेलं, डोळे गरागरा. त्याचं घड्याळ अजून जिथून आणला त्या समुद्राचं होतं, तिकडं दिवस उजाडलेला. मग रोज थोडा थोडा उशिरा उठत दोन आठवड्यात आपल्या वेळेवर आला. तोपर्यंत पहाटे उठून थोडं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे) टाकायचो, शेजारच्यांना वाटलं मी अभ्यास करतोय.

नवीन मासा क्वारंटाईनमध्ये ठेवताना पण वाळूवाल्यांसाठी जेवणाच्या डब्यात वाळू भरून ठेवा. तांब्याचं औषध देणार असाल तर लक्षात घ्या की अ‍ॅरागोनाईट वाळू तांबं शोषते, रोज मोजल्याशिवाय डोस कळत नाही. मग मोठ्या टँकमध्ये सोडताना थेट सोडू नका. भोकं पाडलेली पारदर्शक प्लास्टिकची पेटी काचेला टांगा, त्यात नवीन पाव्हणा चार-पाच दिवस बसू द्या, जुने येतील, बघतील, आदळतील, कंटाळतील. जुन्यांनी पेटीकडं लक्ष देणं सोडलं की सोडा, लाईट मंद करून. तरी एखादा पाठ सोडेना तर बाहेरून काचेला आरसा लावा, दोन दिवस स्वतःशीच भांडत बसतो. नाहीच जमलं तर नवीन नाही, जुन्या गुंडालाच पेटीत टाका आठवडाभर, बाहेर येतो तेव्हा त्याची जहागिरी गेलेली असते.

झाकण तर पाहिजेच, रॅसला झाकणाशिवाय ठेवणं म्हणजे शेळीला कडबा दाखवून दार उघडं ठेवणं. काचेचं झाकण आमच्याकडच्या उन्हाळ्यात नको, पाणी तापतं. खिडकीला अ‍ॅल्युमिनियमची चौकट करणाऱ्याकडून माप देऊन चौकट करून घ्या, त्यात 6 मिलिमीटरची पारदर्शक जाळी, पाईपाच्या जागी कापून चपखल बसवा. मच्छरदाणीची काळी जाळी लावू नका, उजेड अडतो. अन् एक बारका एलईडी इन्व्हर्टरवर ठेवा, म्हणजे लाईट गेली तरी एकदम अंधार होत नाही, माझा फ्लॅशर त्याच अंधारानं गेला.

उन्हाळ्याचं सांगतो अन् थांबतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो, टँक पाहिजे 25-26 वर, तेव्हा चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं मशीन, लागतोच, अन् त्याची गरम हवा खोलीबाहेर काढायची सोय आधी करा, नाहीतर तो खोली तापवतो अन् खोली टँक तापवते. जाळीतून पाणी रोज उडतं, मीठ उडत नाही, म्हणून वरून भरायचं ते गोडं आरओचं, खारं नाही, नाहीतर 1.025 वरून (हा खाऱ्या पाण्याच्या घनतेचा आकडा) खारटपणा चढत जातो. आरओचं वाया जाणारं पाणी आमच्या घरी भांड्याला अन् फरशीला जातं, टँकरच्या दिवसात ते नालीत सोडलं तर आई मला टँकसकट बाहेर काढंल. अन् मासे मागवायचे तर दिवाळी ते संक्रांत या काळात, मुंबईहून रात्रीच्या देवगिरीनं, सकाळी थंडीतच स्टेशनवर जाऊन डबा घ्यायचा. एप्रिलमध्ये कुणी कितीही सवलत दिली तरी नाही म्हणा.