गावरान कोंबड्यांची पैदास : नर, माद्या आणि उबवणीची अंडी

आठ ते दहा माद्यांमागे एकच नर ठेवावा. छोट्या खुराड्यात दोन ठेवल्यास भांडणेच अधिक होतात. नर बदलल्यावर निदान तीन आठवडे उबवणीसाठी अंडी धरू नयेत, कारण मादीच्या शरीरात जुन्या नराचे बीज टिकून राहते आणि पिल्ले नेमकी कोणाची, हे कळत नाही. माद्यांच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडली, तर नराला काही दिवस वेगळे डालावे.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली सात दिवसांच्या आतली दहा-बाराच अंडी, शक्यतो संध्याकाळी, ठेवावीत. सातव्या रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडासमोर धरल्यावर ज्यात लाल शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे विणकाम दिसत नाही, ते अंडे काढून टाकावे. पिल्ले साधारण २१व्या दिवशी बाहेर पडतात.