कोरा, स्वीडनचा जॅझ आणि मिरजेचा भोपळा : शिकायला जाणाऱ्यांसाठी

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीच्या जवळच वाढलो, त्यामुळे पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे दुकानात टांगलेले असायचे ते लहानपणापासून बघत आलोय. पुढे पुण्यात गिटार, मग स्वीडनला मास्टर्स, आणि तिथे पहिल्याच महिन्यात एका सेनेगली वादकाच्या मांडीवर कोरा हे पश्चिम आफ्रिकेचं तंतुवाद्य बघितलं आणि वाटलं की अरे हा तर आपलाच भोपळा! फरक एवढाच की आपण तंबोऱ्याला वरून लाकडी तबली बसवतो आणि तिथे अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणून बसवतात. जुन्या वादकांच्या कोरावर घोडीपाशी एक पत्र्याचा तुकडाही लावलेला असतो, कडेला बारीक कड्या असलेला, न्येन्येमो म्हणतात त्याला. सूर लागला की तो झणझणतो. ज्याला तंबोऱ्याच्या जवारीची सवय आहे त्याला तो आवाज लगेच कळतो, पण साउंड इंजिनियर मात्र पहिल्यांदा "हे काढता येईल का" असंच विचारतात. काढू देऊ नका.

दरवर्षी दोन-तीन मुलं मला विचारतात की पश्चिम आफ्रिकेचं संगीत आणि नॉर्डिक जॅझ असं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू. माझं उत्तर एकच असतं, आधी कोराला काय जमत नाही ते शिका.

कोराला २१ तारा, डाव्या हाताला ११ आणि उजव्या हाताला १०. वाजवायला फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, बाकीची बोटं दोन दांडे धरून असतात. पडदे नाहीत, म्हणजे एका तारेवर एकच सूर, आणि एका वेळी सातच सुरांची सप्तकं. जुन्या पद्धतीच्या कोराला खुंट्यासुद्धा नसतात, दांडीभोवती चामड्याची कडी आवळलेली असते, कोन्सो म्हणतात, ती सरकवून सूर लावायचा.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी पहिल्या सेमिस्टरला अशी अरेंजमेंट लिहिली की अर्ध्यात पूर्ण पीस अर्ध्या सुराने वर जातो. जॅझमध्ये कॉमन गोष्ट आहे, त्यात काही चुकीचं वाटलं नाही. रिहर्सलला ती जागा आली आणि आमच्या कोरावाल्या गुरुजींनी (ते दक्षिण सेनेगलमधल्या कासामान्सचे, वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे) हात तारांवरून उचलून दांड्यांवर ठेवले आणि शांत बसून राहिले, बास आणि ड्रम्स पुढे गेले आणि मग तेही थांबले. ते काहीच बोलले नाहीत, फक्त एकेक तार लावायला घेतली. २१ तारा. आम्ही सगळे बसून ते ऐकत होतो आणि मला कळून चुकलं की मी त्यांच्या वाद्याला न विचारताच पीस लिहिलाय.

त्या रात्री बसून सगळं बदललं आणि उपाय सापडला तो आपल्याच शिकवणीतून. मूर्च्छना, म्हणजे सूर तेच ठेवून षड्ज बदलायचा! कोराचे सूर लावायची जी सौता नावाची पद्धत आहे तिच्यात तीव्र मध्यम असतो. एफ पासून धरलं तर एफ, जी, ए, बी, सी, डी, ई, म्हणजे सरळ कल्याण थाट. आता कोराला हात लावायचा नाही, फक्त बासने षड्ज हलवायचा. बास डी वर गेला की तेच सूर काफी होतात, ए वर गेला की आसावरी. कोरावर तोच पॅटर्न चाललाय, एकही तार बदललेली नाही, आणि खालची जमीन सरकतेय. नॉर्डिक जॅझमध्ये हे फार सुंदर बसतं, कारण तिथे भराभर कॉर्ड बदलण्यापेक्षा एका रंगात बराच वेळ राहायची सवय आहे. मी पुढे जे काही केलं ते सगळं या एका रात्रीवर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

पियानोबद्दल माझं मत जरा कडक आहे. सिलाबासारख्या सूर लावायच्या पारंपरिक पद्धती पियानोच्या सारख्या अंतरावर लावलेल्या सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत, मग कोराला पियानोसारखं लावावं लागतं आणि त्याचा गोडवा जातो. नवीन असाल तर कोरा, डबल बास, सॅक्स आणि हलके ड्रम्स एवढ्यावर सुरुवात करा. सॅक्सवाला सूर वाकवून जुळवून घेऊ शकतो, पियानोवाला नाही.

दुसरी गोष्ट कुंबेन्गो. म्हणजे सतत फिरत राहणारा मूळ पॅटर्न, आणि त्यातून मध्येच वरून खाली धावत येणाऱ्या ताना त्या बिरिमिंतिंगो. आपण गिटारवाले काय करतो, कुंबेन्गो ऐकू आला की त्यावर कॉर्ड भरायला लागतो. पण डाव्या अंगठ्याने बास, उजव्या अंगठ्याने मधले सूर, तर्जन्यांनी वरची चाल, हे सगळं एकटा कोराच वाजवत असतो, तुमच्यासाठी तिथे जागाच नसते. मला जवळजवळ दोन महिने फक्त केलेफाबा या धुनेचा कुंबेन्गो गिटारवर वाजवायला लावला होता, नवशिक्यांना तोच देतात, आणि सोलो बंद. ते दोन महिने टाळू नका. जागा सोडायची कशी हे ऐकायचं असेल तर स्वीडिश पियानोवादक यान योहानसनचा १९६४ चा याझ पो स्वेन्स्का हा अल्बम ऐका, स्वीडिश लोकधुना, फक्त पियानो आणि बास.

लयीबद्दल थोडं. पोल्स्का हा स्वीडिश लोकनृत्याचा प्रकार तीन मात्रांचा, पण मात्रा सारख्या नसतात, काही भागात पहिली जरा आखूड वाजवतात, आणि कोराच्या लयीत तीन मात्रांवर दोन मात्रा असं सतत चालू असतं. या दोन लयी एकत्र कशा नांदतात ते एलिका फ्रिसेल आणि सोलो सिसोको यांच्या २००२ च्या त्रेताक्त तकिसाबा या अल्बममध्ये ऐका. ती फिडल वाजवते, तो कासामान्सचा कोरावादक, नॉर्वेत राहायचा, २०१९ साली गेला. तो जॅझ नाही, पण या रस्त्याला लागायच्या आधी तो ऐकलाच पाहिजे.

आणि हे काही आजचं फॅड नाही हेही लक्षात असू द्या. ट्रम्पेटवाला डॉन चेरी १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये तोगार्पला एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहायला आला आणि मालीच्या शिकाऱ्यांचं दोन्सो न्गोनी हे तंतुवाद्य वाजवायला लागला. आपल्या झाकिरभाईंचा मेकिंग म्युझिक हा अल्बम, हरिप्रसादजी आणि नॉर्वेचा सॅक्सवादक यान गार्बारेक सोबतचा, तोसुद्धा ऑस्लोमध्येच रेकॉर्ड झालाय.

कुठे शिकायचं? हेलसिंकीच्या सिबेलियस अकॅडमीत ग्लोबल म्युझिक आहे, गोथेनबर्ग आणि माल्मोच्या संगीत शाळा बघा, निव्वळ जॅझ हवा तर नॉर्वेतल्या त्रोंदहाइमचा जॅझ लाइन हा अभ्यासक्रम. फुकट शिक्षण हे आता डोक्यातून काढा, आपल्यासारख्यांना स्वीडनमध्ये २०११ पासून, फिनलंडमध्ये २०१७ पासून आणि नॉर्वेत २०२३ पासून फी आहे. ऑडिशनच्या व्हिडिओत स्वतःचं जे येतं तेच वाजवा, सतार येत असेल तर सतार. स्वीडनला पोचलात की स्टुडिएफोर्बुंद (प्रौढांच्या शिक्षणासाठीच्या संस्था) म्हणजे काय ते लगेच विचारून घ्या, बँडची त्यांच्याकडे अभ्यासगट म्हणून नोंद केली की रिहर्सलची खोली फुकट किंवा अगदी थोड्या पैशात मिळू शकते, हे मला दीड वर्षाने कळलं आणि तोपर्यंत मी भाडं भरत होतो.

हिवाळ्याची काळजी घ्या. मुंबईच्या पावसात तबला उतरतो ना, तिथे बरोबर उलटं. हीटिंगमुळे खोलीतली हवा इतकी कोरडी होते की कातडं आवळतं, सूर चढतो, आणि भोपळ्याला तडा जायची भीती. केसमध्ये ओलावा धरणारं पाकीट ठेवा, आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी दोन तास आधी पोचून कोरा उघडून ठेवा. नायलॉनची तार तुटली तर मासेमारीच्या दुकानात मिळते, बहुतेक वादक तिथूनच घेतात.

शेवटचं, श्रेयाचं. या धुना कुणाच्या नाहीत असं समजू नका. कोरा ही जाली, म्हणजे वंशपरंपरेने वादक असलेल्या, घराण्यांची विद्या आहे, दियाबाते, सिसोको, कुयाते, आजोबांकडून नातवाकडे आलेली, आपल्या घराण्यांसारखीच. माझ्या ओळखीतल्या एका बँडने गुरुजींकडून शिकलेला कुंबेन्गो स्वतःची रचना म्हणून रजिस्टर केला होता, आणि गुरुजींना ते एका कार्यक्रमात अनाउन्समेंट ऐकून कळलं. आम्ही आता काय करतो, स्तिमच्या (स्वीडनची संगीत-हक्क सांभाळणारी संस्था) फॉर्मवर धून पारंपरिक, अरेंजमेंट आमची असंच लिहितो, त्यात गुरुजींचा वाटा आधी ठरवतो, आणि स्टेजवर वाजवण्याआधी ही धून कोणत्या घरातून आली ते तेच सांगतात, मंडिंका भाषेत, मग मी स्वीडिशमध्ये.