एका दिवशी एक संग्रहालय, एक बाग: घरच्यांना रत्नागिरी दाखवताना

दिवाळीला माझा भाऊ ठाण्याहून पोरांना घेऊन रत्नागिरीला येतो. मोठी भाची सातवीत, भाचा दुसरीत. घरात आमच्या सासूबाई आहेत, वय ८२, गुडघे दुखरे. समुद्रावर पोरं खूश असतात, पण सासूबाईंना वाळूत पाऊल उचलवत नाही. देवळात त्यांचं मन लागतं, तर पोरं दहा मिनिटांत चुळबुळायला लागतात. सगळ्यांना एकत्र धरून ठेवलं ते इथल्या छोट्या संग्रहालयांनी आणि बागांनी. पुण्या-मुंबईची मंडळी ती अर्ध्या तासात उरकून गणपतीपुळ्याला पळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. एका दिवसात पाच ठिकाणं ठरवली. तिसऱ्या ठिकाणी भाचा भावाच्या खांद्यावर झोपला, चौथ्या ठिकाणी सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. तेव्हापासून सकाळी एक संग्रहालय, जेवून थोडी झोप, आणि उन्हं कलल्यावर एखादी बाग किंवा मोकळी जागा. त्याहून जास्त काही ठरवायचं नाही.

निघण्याआधी वार बघा. सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, आणि कृषी विद्यापीठाची केंद्रं रविवारी व सणाच्या सुट्टीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुलूप बघून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे संग्रहालय रविवारी चालेल, बाग मात्र कामाच्या दिवशीच ठेवा. पोरांच्या हाती एकेक वही आणि पेन्सिल द्या. काम एकच: प्रत्येकानं एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसून तिचं चित्र काढायचं आणि ती कशासाठी होती ते मोठ्यांना विचारायचं. सगळं बघायची सक्ती नाही म्हटल्यावर पोरं आपणहून बघतात.

सुरुवात थिबा राजवाड्यापासून करा. आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा, जांभ्याच्या भिंतींना हात लावू द्या, उतरती छपरं आणि अर्धगोल खिडक्या दाखवा. गोष्टही बाहेरच सांगून टाका, आत आवाज घुमतो. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला राणीसकट देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. जवळजवळ चोवीस वर्षं ते कुटुंब इथल्या बंगल्यांतून राहिलं, आणि १९१० मध्ये या वाड्यात आलं. राजा १९१६ च्या डिसेंबरात वारला. वजाबाकी पोरांनाच करायला सांगा. माझ्या भाचीनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "आत्या, म्हणजे या घरात फक्त सहा वर्षं?" त्यानंतर ती आत गेली ती आवाज न करता.

मोठ्या मुलांना आणखी एक सांगा. दिल्लीच्या बहादूरशाह जफरला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं आणि तो १८६२ मध्ये तिथंच गेला. पुढं ब्रह्मदेशचा राजा आपल्याकडे आणला. दोघांच्याही कबरी परक्या मुलखात आहेत. थिबाची रत्नागिरी शहरातच आहे. वेळ असेल तर राजवाडा बघितल्यावर तिकडे जाऊन या, आधी नको.

आतल्या दालनांत राजघराण्याशी जोडलेल्या वस्तू आहेत, कोकणात सापडलेली पाषाणशिल्पं आहेत. सासूबाईंना जिने नको म्हणून त्या खालीच बाकावर बसल्या, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता: "परक्या गावात पोरींचं कसं झालं असेल गं?" राजाला चार मुली. थोरलीची मुलगी रत्नागिरीतच राहिली, इथंच तिचा संसार झाला, मराठी बोलतच ती म्हातारी झाली. राणी मात्र १९१९ मध्ये मायदेशी परतली. हे ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. म्हणून म्हणते, म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही गाडीतच बसा" म्हणू नका. खाली सावलीत बसवा, आणि पोरांनी वरचं बघून आल्यावर त्यांना येऊन सांगायचं, असं ठरवा. दोघांचंही बघणं त्यातून पुरं होतं.

तिथून थिबा पॉइंटवर जाऊन भाट्याची खाडी वरून बघून घ्या. शेवटच्या दिवशी त्याच खाडीच्या पुलावरून जायचं आहे.

दुसऱ्या दिवशी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर. हे वीस मिनिटांत बघून होतं असं सगळे म्हणतात. आम्हाला दीड तास लागला, कारण तिथं मी गप्प बसले आणि सासूबाई बोलल्या. ओटी कशाला, पडवी कशाला, माजघरात उजेड कमी का, बाळंतिणीची खोली कुठली असायची, कोनाड्यात काय ठेवायचे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरांना घराच्या प्रत्येक भागाला वेगळं नाव असतं हेच नवीन होतं. भिंतीवरची चित्रं आणि माहिती शाळेच्या पुस्तकातही मिळेल, पण हे ऐकायला बरोबर घरचं वडीलधारं माणूस लागतं. तुमच्या घरात असं कोणी असेल तर या एका जागेसाठी तरी त्यांना आणाच. टिळक १८५६ मध्ये जन्मले आणि दहा वर्षांचे असताना वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेले, एवढं पोरांना पुरतं.

संध्याकाळी पोरांना झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय दाखवा. देवमाशाचा सांगाडा आहे, धाकट्यांना तो पुरतो. मणके मोजायला लावा.

तिसरा दिवस मालगुंडचा. आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं जा, गणपतीपुळ्याहून पुढं दोनेक किलोमीटर. देवदर्शन सकाळी लवकर उरकून घ्या, गर्दी वाढायच्या आत. मालगुंडला कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ मध्ये जन्मले. त्याच वर्षी लहानगे टिळक रत्नागिरी सोडून गेले. आदल्या दिवशीचं घर आठवत असतं, त्यामुळे ही जुळणी पोरांना फार आवडते. कोकण मराठी साहित्य परिषदेनं इथं स्मारक उभारलं आहे. जन्मघर जपलेलं आहे, आवारात कवितांच्या ओळी कोरलेल्या शिळा आहेत, आणि आत पुढच्या कवींचं दालन आहे.

इथं चित्र नाही काढायचं. प्रत्येकानं एक शिळा निवडायची, तिच्यासमोर उभं राहून ती मोठ्यानं वाचायची. लाजणाऱ्या पोरांना आधी मोठ्यांनी वाचून दाखवावं. भावानं शाळेनंतर पहिल्यांदाच कविता मोठ्यानं वाचली असावी. सासूबाईंना "तुतारी" शाळेत होती. त्यांनी न बघता चार ओळी म्हटल्या, तेव्हा भाचीनं वहीतून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. गवतावर टेकायला सतरंजी न्या, पाण्याच्या बाटल्या भरून न्या, आणि जेवण एखाद्या घरगुती खानावळीत आधी फोनवर सांगून ठेवा. आयत्या वेळी आठ माणसांचं जेवण कोणालाही जड जातं.

भाट्याची बाग मी मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवते. तिथून रोपं घ्यायची असतात, आणि ती दोन-तीन दिवस गाडीत तापली तर मरतात.

खाडीवरचा पूल ओलांडला की पावसच्या रस्त्याला प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र लागतं. १९५५ पासूनचं, आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखालचं. ही सहलीची बाग नव्हे, काम चालू असलेलं संशोधन केंद्र आहे. आधी कार्यालयात जाऊन विचारा, बरोबर कोणी येऊ शकेल का ते बघा. नारळाखाली उभे राहू नका, पोरांना चपलांऐवजी बूट घाला, आणि काहीही तोडू नका.

इथली "लाखी बाग" नीट समजून घ्या. नारळाची झाडं साडेसात मीटर अंतरावर असतात. मधल्या जागेत आणि सावलीत जायफळ, दालचिनी, आणि खोडावर चढवलेली मिरी. एकाच जमिनीतून चार पिकं घेऊन उत्पन्न वाढवायचं, म्हणून लाखी. आमच्या धाकट्याला मी डोळे मिटायला सांगितले आणि गळून पडलेलं दालचिनीचं पान चुरगळून नाकाशी धरलं. "आजीचा मसालेभात!" म्हणाला. मग त्यानं सगळी बाग नाकानंच बघितली.

जायफळाचं फळ उकललेलं मिळालं तर दाखवाच. पिवळट टरफल, आत लालभडक जाळी म्हणजे जायपत्री, तिच्या आत कठीण कवच, आणि त्यात जायफळ. सासूबाईंनी आयुष्यभर सहाणेवर उगाळलं, पण झाडावर पहिल्यांदा बघितलं. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांपासून केलेलं रोप कोणतं हे फुलं येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं, कळत नाही. म्हणून घ्यायचं तर कलमच घ्या.

नारळाचं रोप घ्यायचं असेल तर वर्षभराचं, पाच-सहा पानांचं, बुंध्याला जाड असं निवडा. उंच आणि किडकिडीत नको. रोपांची मागणी आधी नोंदवावी लागते, आणि लागवडीची वेळ पावसाच्या तोंडावरची. दिवाळीला येणाऱ्यांनी नोंदणी करून जावं, रोप जूनमध्ये न्यावं.

ठाण्याच्या गॅलरीसाठी भावानं झुडपी मिरी घेतली. ही वेल चढत नाही, कुंडीत झुडपासारखी वाढते. नेताना कुंडी खोक्यात घट्ट बसवा, माती ओली ठेवा पण पाणी साचू देऊ नका, आणि गाडीत मागच्या काचेजवळ ठेवू नका. घरी गेल्यावर आठवडाभर सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा जागी. दुपारचं पश्चिमेचं ऊन टाळा. भाचीनं कुंडीवर रंगानं लिहिलंय, "भाट्ये". पहिला घोस धरला तेव्हा तिनं सासूबाईंना फोन केला होता, मला नाही.